तांब्याचा जाच आणि लोहाची भूक: घेवड्याचे पिवळे पान कसे वाचावे, आणि मग काय करावे

घेवड्याच्या शेंड्याकडची कोवळी पाने फिकट पडली, शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या, की पाहणारा लगेच म्हणतो, "लोह कमी पडलंय." निदान चूक नसते, पण बऱ्याचदा अर्धवट असते. ज्या जमिनीवर वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या बुरशीनाशकांच्या फवारण्या झाल्या आहेत, तिथे मातीत लोह भरपूर असूनही रोप उपाशी राहू शकते, कारण वाटेत तांबे आडवे येते. याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. लोहाला भुकेलेले रोप तांबे अधिक जोराने ओढते. म्हणजे तांब्यामुळे भूक वाढते आणि भुकेमुळे तांबे वाढते. हे चक्र तोडायचे तर लोह कधी द्यायचे आणि कोणत्या रूपात द्यायचे, हे "किती द्यायचे" याच्याही आधी ठरवावे लागते.

इथे घेवडा म्हणजे फेजिओलस व्हल्गॅरिस. फरसबी, श्रावण घेवडा, राजमा ही सगळी त्याचीच रूपे. चवळी, वाल, वाटाणा, सोयाबीन यांनाही यातले तत्त्व लागू पडते, पण पानातले आकडे जसेच्या तसे लावू नयेत. गहू, मका, ज्वारी यांना मात्र हा लेख लावायला जाऊ नका. ती पिके लोह मिळवतात ते वेगळ्याच युक्तीने: मुळांतून लोहाला पकडणारी द्रव्ये सोडायची आणि पकडलेले लोह जोडीसकट आत घ्यायचे. घेवड्याला ही युक्ती येत नाही.

मग घेवडा काय करतो?

मातीतले लोह बहुतेक त्रिसंयुजी, म्हणजे गंजाच्या जातीचे, आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असते. लोह कमी पडू लागले की घेवड्याचे मूळ तीन कामे एकदम सुरू करते. ते बाहेर आम्ल सोडते. मुळाच्या पृष्ठभागावरचे रिडक्टेज नावाचे विकर जोरात चालवून त्रिसंयुजी लोहाचे द्विसंयुजी लोह करते. आणि ते लोह आत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची संख्या वाढवते. हे सगळे प्रामुख्याने मुळाच्या टोकामागच्या छोट्या, कोवळ्या भागात घडते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोम अशी की या रिडक्टेजला लोह आणि तांबे यांत फारसा भेद करता येत नाही. वाटाण्यावरच्या प्रयोगांत दिसले की लोहाला भुकेली मुळे तांब्याचेही तेवढ्याच उत्साहाने क्षपण करतात, म्हणजे द्विसंयुजी तांब्याचे एकसंयुजी तांबे बनवतात. मुळातल्या तांब्याच्या वाहकांना नेमके हेच रूप हवे असते. एरवी ही अडचण नाही, कारण स्वच्छ मातीत आत यायला तांबेच मुळात थोडे असते. मातीत तांबे साचलेले असेल तर मात्र लोहासाठी उघडलेल्या दारातून तेही आत शिरते. शिवाय भुकेले मूळ जे आम्ल सोडते, त्याने मुळालगतच्या मातीतले तांबे सुटे होते ते वेगळेच.

आत आलेले तांबे बहुतांशी मुळातच अडकते आणि पहिला घाव घालते तो त्याच कोवळ्या टोकांवर, जिथे लोह घेण्याची यंत्रणा असते. टोके मेली की लोह आणखी कमी.

पानात काय होते, याचे सर्वांत उपयोगी उत्तर फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये घेवड्यावरच दिले. त्यांनी पोषकद्रावणात ०.३, ४ आणि १५ मायक्रोमोलर तांबे देऊन रोपे वाढवली. तांबे जास्त मिळालेल्या रोपांच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाचा एक टप्पा, म्हणजे फोटोसिस्टिम दोन, प्रखर उजेडात लवकर निकामी होत होता. सरळ तर्क असा की तांबे हरितलवकात शिरून विष चढवत असणार. पण त्या पानांतून वेगळे काढलेले थायलाकॉइड पटल (हरितलवकातली हरितद्रव्य धरणारी पडदी) उजेडाला जास्त हळवे निघाले नाही, आणि हरितलवकातले तांब्याचे प्रमाण एकूण पानातल्यापेक्षा कमीच भरले. मग कारण काय? तांब्याने लोहाला मागे सारले होते, लोहाअभावी हरितद्रव्य घटले होते, आणि हरितद्रव्य विरळ झालेल्या पानात उजेड आरपार खोलवर घुसून नुकसान करत होता.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पान विषाने मरत नाही, उपाशी राहून उन्हात करपते. मूळ मात्र खरोखरच विषाने मरते. पुढचे सगळे उपाय या फरकावर उभे आहेत. पान सावरता येते, आणि तेही बऱ्यापैकी लवकर. मुळाची जळालेली टोके परत येत नाहीत, नवी फुटावी लागतात.

पहिली पायरी: तांबे आले कुठून याचा हिशेब मांडा

प्रयोगशाळेत नमुना धाडण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. बोर्डो मिश्रणाचा जमाना १८८५ पासूनचा, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यासाठी ते पुढे आणले तेव्हापासूनचा, आणि ज्या जमिनीवर ते वर्षानुवर्षे पडले तिथले तांबे कुठेही गेलेले नाही. तांब्याचे विघटन होत नाही, ते उडून जात नाही, आणि सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून राहत असल्याने खालीही सहसा फार उतरत नाही.

१ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट). हेक्टरी ५०० लिटर फवारले तर ५ किलो मोरचूद पडला. त्यात तांबे साधारण २५ टक्के, म्हणजे सव्वा किलोच्या थोडे वर. हेक्टरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर ढोबळमानाने २० लाख किलो भरतो. म्हणजे एका फवारणीने मातीत किलोमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. आकडा किरकोळ वाटतो. पण वर्षाला ८ फवारण्या आणि अशी २० वर्षे धरली तर तो १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. सर्वसाधारण मातीत मुळातले एकूण तांबे किलोमागे २०-३० मिलिग्रॅमच्या घरात असते, हे शेजारी ठेवून पाहा.

पीक हे तांबे उचलून नेईल अशी आशा असेल तर तोही हिशेब करा. ५ टन सुके पीकद्रव्य, त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे हेक्टरी ५० ग्रॅम. एका फवारणीचे तांबे बाहेर न्यायला पंचवीसेक पिके लागतील.

फवारणीखेरीज आणखी वाटा आहेत. खाद्यात तांबे मिसळून वाढवलेल्या वराहांचे आणि कोंबड्यांचे खत, सांडपाण्याचा गाळ, शेवाळ मारायला तळ्यात टाकलेला मोरचूद, जनावरांच्या खुरांसाठी केलेल्या मोरचुदाच्या पाण्याची शेणात झालेली सरमिसळ. मातीविना शेती करणाऱ्यांनी आधी पितळी तोट्या, जोड आणि तांब्याच्या नळ्या तपासाव्यात. आम्लधर्मी पोषकद्रावण त्यांच्यातून तांबे हळूहळू विरघळवत राहते.

दुसरी पायरी: रोप उपटू नका, खणून काढा

लोहाची भूक नव्या पानांत दिसते, कारण जुन्या पानातले लोह रोप सहजी काढून वर पाठवू शकत नाही. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राचा विचार करा. खालच्या पानांत शिरांमधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमचा. मँगनीजची कमतरताही वरच्या बाजूला दिसते, पण तिथे शिरांलगतचा हिरवा पट्टा रुंद आणि कडा धूसर असतात. लोहाच्या कमतरतेत हिरव्या शिरांची जाळी बारीक आणि रेखीव दिसते. विषाणूचा पिवळा मोझॅक ओळखणे सोपे, तो ठिगळाठिगळांनी येतो, पान चुरडते आणि शेतात रोगट रोपे विखुरलेली असतात.

एवढे पानावरून कळते. पण नुसती लोहाची कमतरता आणि तांब्याने ओढवलेली कमतरता यांतला फरक पानात दिसत नाही, तो मुळात दिसतो. बोटभर जास्त घेर धरून रोप मातीच्या गड्ड्यासकट काढा, पाण्यात बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. नुसत्या लोहाच्या भुकेत मुळे पांढरी असतात, टोके किंचित फुगीर आणि मूलरोम दाट असतात. तांब्याच्या जाचात मुळे आखूड, जाड आणि तपकिरी होतात, टोके बोथट होतात, आणि टोकामागे बुटकी उपमुळे गर्दीने फुटून काटेरी तारेसारखी दिसतात. एकदा डोळ्यांत बसले की हे चित्र विसरत नाही.

मुळांवरच्या, हवेतले नत्र धरणाऱ्या गाठीही फोडून पाहा. आतून गुलाबी म्हणजे चालू गाठ. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि त्यात लोहच असते. तांबे वाढले की गाठी कमी धरतात आणि धरल्या तरी बऱ्याचदा आतून फिकट राहतात. असे झाले की नत्राची कमतरताही जोडीला येते आणि वरची-खालची सगळीच पाने पिवळी होऊन निदानाचा गोंधळ उडतो.

तिसरी पायरी: नमुने

मातीचा नमुना दोन थरांत वेगळा घ्या, ० ते ५ आणि ५ ते २० सेंटिमीटर. तांबे वर साचते. सगळे एकत्र ढवळले तर कोवळ्या मुळाला पहिल्या आठवड्यात भेटणारी खरी तीव्रता सरासरीत बुडून जाते. नमुना घ्यायला लोखंडी खुरपे नको, पितळी चाळणी तर नकोच. मी स्वतः एकदा पितळी चाळणीतून चाळलेली माती पाठवून दिली होती आणि आलेला आकडा पाहून दोन दिवस घाबरून होतो. स्टेनलेस स्टील किंवा प्लास्टिक वापरा.

सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना आणि डीटीपीए (रोपाला मिळण्याजोगे धातू मातीतून बांधून काढणारे रसायन) पद्धतीने लोह व तांबे एवढ्या तपासण्या मागा. डीटीपीए चाचणी लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडली. तिच्या मूळ सीमारेषा किलोमागे लोह ४.५ आणि तांबे ०.२ मिलिग्रॅम. या कमतरतेच्या रेषा आहेत. तांबे ०.२ च्या वर म्हणजे पुरेसे, एवढाच त्याचा अर्थ. विषारी पातळी कुठे सुरू होते ते ही चाचणी सांगत नाही. शिवाय ती उदासीन आणि चुनखडीच्या जमिनींसाठी बेतलेली आहे, त्यामुळे आम्ल जमिनीत तिचा आकडा जपून वाचावा.

पानासाठी फुलोऱ्याच्या सुरुवातीला वरून पहिले पूर्ण वाढलेले त्रिदल पान घ्या. सुक्या वजनावर तांबे किलोमागे ५ ते २० मिलिग्रॅम असेल तर नेहमीचे, २०-३० च्या वर गेले तर संशयास्पद. आता यातल्या दोन फसगती. पानावर तांब्याची फवारणी झालेली असेल तर आकडा शेकड्यांत जाईल, आणि तो पानावरचा थर असेल, आतले तांबे नव्हे. म्हणून फवारणीनंतर फुटलेले पान घ्या आणि सौम्य साबणाच्या पाण्याने व मग शुद्ध पाण्याने धुवा. दुसरे, तांबे मुळात अडकत असल्याने पानातला आकडा साधारण असूनही मुळे जळालेली असू शकतात. पानाचा अहवाल "ठीक" आला म्हणून मुळाकडे पाहणे टाळू नका.

लोहाच्या आकड्याची तर वेगळीच तऱ्हा. पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्या पानाइतके, कधी त्याहून जास्तही भरते. पानाची वाढच खुंटलेली असल्याने थोडे लोहही त्यात दाट दिसते, आणि काही लोह पानात पोचूनही कामाला न लागता पडून राहते. प्रयोगशाळेत सोय असेल तर एकूण लोहाऐवजी सक्रिय लोह मोजून मागा.

चौथी पायरी: अर्ध्या पानाची चाचणी

याला खर्च जवळजवळ नाही. १ लिटर पाण्यात २-३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि द्रावण पसरण्यासाठी सौम्य साबणाचा एखादा थेंब. ताजेच बनवा, शिळे झाले की तांबूस होते आणि कामातून जाते. संध्याकाळी एका पिवळ्या कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एका बाजूला ब्रशने लावा, दुसऱ्या बाजूला तेच पाणी हिराकसाशिवाय. चार ते सात दिवसांत लोह लावलेली बाजू हिरवी झाली तर पान लोहालाच भुकेले होते. तांबे दोषी आहे का, ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

पाचवी पायरी: कुंड्यांतली चाचणी

माझ्या मते कुठल्याही अहवालापेक्षा ही चाचणी जास्त खरे बोलते, कारण इथे घेवडा स्वतःच साक्ष देतो. वरच्या थरातली माती घ्या, वाळवून मिसळा आणि २-२ किलोच्या कुंड्या भरा. पाच प्रकार करा आणि प्रत्येकाच्या निदान तीन कुंड्या ठेवा:

– शंका असलेली माती, जशी आहे तशी
– तीच माती, अधिक लोह: ६ टक्के लोह असलेले ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे संयुग), किलोला सुमारे ८० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह
– तीच माती, अधिक कंपोस्ट: वजनाने ५ टक्के
– तीच माती, अधिक बारीक चुना: किलोला १ ग्रॅम (माती आधीच चुनखडीची असेल तर हा प्रकार गाळा)
– ज्या वावरात तांबे कधी पडले नाही तिथली, शक्यतो त्याच पोताची माती

चिलेट मातीत कोरडे मिसळू नका, पाण्यात विरघळवून द्या. प्रत्येक कुंडीत पाच-सहा बिया टोका आणि उगवल्यावर तीन ठेवा. पाणी बेताचे. जास्त पाण्याने मुळाभोवती बायकार्बोनेट साचून लोहाची उपलब्धता घसरते आणि चाचणी बिघडते.

उगवल्यावर येणारी साध्या पानांची पहिली जोडी पाहून काही ठरवू नका. ती बीदलांच्या शिदोरीवर वाढते आणि त्या शिदोरीत लोह असते. खरी परीक्षा पहिल्या आणि दुसऱ्या त्रिदल पानावर होते. तीन आठवड्यांनी सगळी रोपे मुळांसकट काढा, मुळे धुवा, पानांचा रंग एकाच उजेडात शेजारी ठेवून पाहा, मुळांची लांबी मोजा, आणि जमल्यास शेंडा व मुळे वेगवेगळी वाळवून वजन करा.

लोह दिलेल्या कुंडीत पाने हिरवी झाली आणि मुळेही पांढरी, लांब असतील तर तांब्यावर उगाच संशय घेतला होता. प्रश्न लोहाचाच होता. पाने हिरवी झाली पण मुळे आखूड, तपकिरी राहिली आणि झाड बुटके राहिले, तर तांबे आहे आणि लोहाने फक्त त्याची वरची खूण पुसली. कंपोस्टच्या कुंडीत मुळे सुधारली तर मोकळे तांबे हेच दुखणे. चुन्याने मुळे सुधारली पण पाने अधिकच पिवळी झाली, तर दोन्ही दोष एकत्र आहेत आणि पुढे चुना व लोह बरोबरीने द्यावे लागेल. आणि पाचही कुंड्या सारख्याच पिवळ्या असतील तर बियाणे, पाणी किंवा रोग यांकडे वळा.

सहावी पायरी: लोहाचे रूप निवडा

हिराकस मातीत टाकणे ही सर्वांत सोपी आणि बऱ्याचदा सर्वांत वाया जाणारी गोष्ट. सामू ७ च्या वर असेल तर त्यातल्या २० टक्के लोहाचा मोठा वाटा लवकरच गंज होऊन बसतो.

चिलेट म्हणजे लोहाला कवेत धरणारा रेणू. ही मिठी किती घट्ट, यावर सगळे अवलंबून आहे. ईडीटीए साधारण सामू ६ ते ६.५ पर्यंत लोह धरून ठेवते, डीटीपीए ७ च्या थोडे पुढेपर्यंत, ईडीडीएचए ९ पर्यंतसुद्धा. तांबे असलेल्या मातीत आणखी एक अडचण येते. तांबे स्वतःच या कवेत शिरायला पाहते. सामू वाढला की ईडीटीएतले लोह सुटून गंजते आणि रिकाम्या जागी कॅल्शियम किंवा तांबे बसते. याचा थोडा फायदाही आहे, कारण ईडीटीएत बांधलेले तांबे मोकळ्या तांब्याएवढे मुळाला जाचत नाही. पण ते पाण्याबरोबर खाली वाहून जाऊ लागते, आणि ज्या लोहासाठी खटाटोप केला ते रोपाला मिळतच नाही.

म्हणून तांबे साचलेल्या, उदासीन किंवा चुनखडीच्या जमिनीत ईडीडीएचए घ्या. पिशवीवर नुसते "लोह ६ टक्के" पाहून थांबू नका. ईडीडीएचएच्या रेणूची दोन रूपे असतात, ऑर्थो-ऑर्थो आणि ऑर्थो-पॅरा; त्यातले किती लोह ऑर्थो-ऑर्थो रूपात आहे ते वाचा. ऑर्थो-पॅरा रूप लवकर काम करते, पण त्याची मिठी सैल असते आणि तांबे त्यातून लोहाला सहज बाहेर काढते. आम्ल जमिनीत डीटीपीए पुरेसे होते, तिथे महागड्या चिलेटचा हट्ट नको.

वेळ ही मात्रेइतकीच मोलाची. पान पिवळे पडल्यावर लोह दिले तर तोवर मुळाने दार सताड उघडून तांबे आत घेतलेले असते. पेरतेवेळी ओळीत, किंवा उगवणीनंतर पहिले त्रिदल पान उलगडण्याआधी बुंध्याशी आळवणी करा. मात्रा पिशवीवरच्या शिफारशीप्रमाणे, पण एकदम ओतण्यापेक्षा दोन-तीन हप्त्यांत द्या. आळवणी संध्याकाळी करावी, कारण उन्हात ही चिलेटे फुटतात.

फवारणी कधी? पाने पिवळी झालीच असतील, किंवा मुळे इतकी जळाली असतील की आळवणीचे लोह घ्यायला टोकेच नाहीत, तेव्हा. हिराकस ०.३ टक्के, सायट्रिक आम्लासह, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा. घेवड्याचे पान नाजूक असते, म्हणून आधी चार रोपांवर करून दोन दिवस थांबा. पानाला लोह मिळाल्याची खबर मुळापर्यंत जाते आणि त्याची हावरी यंत्रणा थोडी मंदावते, हा फवारणीचा एक आडफायदा. तांब्याचे बुरशीनाशक त्याच टाकीत कधीही मिसळू नका. रोपे फार पिवळी असतील तर फवारणीनंतरचे काही दिवस दुपारच्या उन्हापुरती सावली करा. विरळ हरितद्रव्याच्या पानाला उजेडच कसा मारतो ते वर आलेच आहे.

सातवी पायरी: सामूचा सापळा

लोहाच्या कमतरतेवर छापील सल्ला असा असतो की गंधक टाका, सामू उतरवा, लोह मोकळे होईल. तांबे नसलेल्या जमिनीत हा सल्ला ठीक आहे. तांबे साचलेल्या जमिनीत तो घातक आहे. सामू उतरला की लोहाबरोबर तांबेही सुटते, आणि घेवड्याच्या मुळाला थोड्याशा मोकळ्या तांब्यानेही इजा होते. अमोनियमयुक्त खतांचा भडिमारही मुळाजवळ हेच करतो.

उलट टोकही वाईट. आम्ल जमिनीत तांबे दाबायला चुना टाकायचा तर ६.५ च्या आसपास थांबा. ७.५ पर्यंत नेलात तर तांबे गप्प बसेल, पण लोहही कुलूपबंद होईल. चुना टाकला त्या हंगामात चिलेट लोह धरूनच चला.

सेंद्रिय पदार्थ हा दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारा एकमेव उपाय. चांगले कुजलेले कंपोस्ट तांब्याला धरून ठेवते आणि लोहाला चलनात ठेवायला मदत करते. फक्त त्या कंपोस्टमध्येच तांबे नाही ना, ते एकदा तपासून घ्या. स्फुरदाचा अतिरेक टाळा, तो लोहाला आणखी अडवतो. खोल नांगरट करून वरचे तांबे खालच्या मातीत मिसळता येते, पण हा डाव एकदाच खेळता येतो.

विद्यार्थ्यांसाठी: द्रावणातला प्रयोग

मातीतल्या दहा भानगडी टाळून फक्त लोह-तांब्याचे नाते पाहायचे असेल तर हवा सोडलेल्या पोषकद्रावणात रोपे वाढवा. होगलंड या प्रचलित पोषकद्रावणात तांबे लिटरला ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.३ मायक्रोमोलर असते, तो झाला पाया. १५ मायक्रोमोलरसाठी लिटरला ३.७५ मिलिग्रॅम मोरचूद लागतो. लोह दोन पातळ्यांवर ठेवा, समजा २० आणि ६० मायक्रोमोलर. तांबे दोन, लोह दोन, असे चार डबे झाले. सामू ५.५ ते ६, द्रावण दर आठवड्याला बदला. बीदले लवकर खुडली तर बियांतली शिदोरी तुटते आणि फरक लवकर दिसतो.

यात एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ जण पडतात. लोह ईडीटीएच्या रूपात वाढवले तर त्याबरोबर ईडीटीएही वाढते, आणि ते तांब्याला बांधते. रोप सुधारले तर श्रेय लोहाचे की ईडीटीएचे? पाचवा डबा ठेवा: जास्त तांबे, कमी लोह, आणि जेवढे ईडीटीए जास्त लोहाच्या डब्यात वाढले तेवढेच इथे लोहाशिवाय. या डब्यातली रोपे सुधारली नाहीत तर श्रेय लोहाला द्या.

मुळाची भूक डोळ्यांनी पाहायची असेल तर ईडीटीए-लोह आणि बीपीडीएस (द्विसंयुजी लोहाशी लाल रंग देणारे रसायन) मिसळलेल्या कोमट, गोठू लागलेल्या अगारात मुळे ठेवा आणि अंधार करा. जिथे रिडक्टेज चालू असेल तिथे द्विसंयुजी लोह बीपीडीएसला धरून लाल रंग देते. भुकेल्या निरोगी मुळाच्या टोकांमागे लाल पट्टा उमटतो. तांब्याने जळालेल्या मुळावर तो फिका असतो किंवा उमटतच नाही.

लोह जास्त झाले तर

लोह हे तांब्यावरचा उतारा नव्हे. ईडीडीएचए भरपूर दिले की पानातले मँगनीज घसरते आणि पुन्हा वरची पाने पिवळी दिसू लागतात. त्यावर आणखी लोह टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. दोन आळवण्यांनंतरही नवे पान हिरवे होत नसेल तर थांबा, मुळे पुन्हा धुऊन पाहा, पानातले मँगनीज तपासा. पाणथळ आम्ल जमिनीत तर द्विसंयुजी लोह आपणहून वाढते आणि पानांवर काशासारखे तपकिरी ठिपके पडतात; तिथे लोह देण्याचा प्रश्नच येत नाही.

कुंडीच्या चाचणीत लोह, कंपोस्ट आणि योग्य सामू हे तिन्ही एकत्र देऊनही मुळे तपकिरीच राहिली, तर त्या तुकड्यात यंदा घेवडा पेरू नका. कंपोस्ट मिसळून ठेवा आणि पुढच्या हंगामाआधी त्याच मातीच्या कुंड्या पुन्हा लावा. आणि घेवड्यावरच्या जिवाणूजन्य करप्यासाठी जो तांब्याचा डबा कपाटात आहे, तो निदान या तुकड्यापुरता बाजूला ठेवा. रोगमुक्त बियाणे, पिकाची फेरपालट आणि ओल्या पानांत न फिरणे यांनी त्या रोगाला पुष्कळ आळा बसतो.